एसटी जाते का, ते विचारा: कॅम्पर व्हॅनमधून कोकण किनारा

आधी गाडीची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं तिच्या मापावर ठरत गेलं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली कॅम्पर व्हॅन आम्ही पुण्यातून भाड्यानं घेतली होती. मागच्या बाजूला पलंग, पुढच्या बाकांचा रात्री होणारा बिछाना, दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी, वापरलेल्या पाण्याची वेगळी टाकी आणि छतावर सोलर पॅनल. त्या पॅनलमुळे उंची दहा फुटांच्या जवळ गेलेली. माणसं तीन: मी, नवरा आणि माझे सासरे, ज्यांना घरात सगळे अप्पा म्हणतात. गाडी मी आणि नवरा आलटूनपालटून चालवणार होतो.

किनाऱ्यानं खाली जायचं म्हणजे नकाशावर सरळ दिसतं. प्रत्यक्षात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटण अशा नद्या सह्याद्रीतून उतरून समुद्राला मिळतात आणि प्रत्येकीची खाडी रस्ता तोडते. समोरच्या काठावरची घरं मोजता येतात, पण तिथं पोचायला एक तर जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडं नेणारी सपाट बोट हवी, नाहीतर आत कुठंतरी पूल गाठायचा. म्हणून आम्ही रोजचं एकच काहीतरी पक्कं केलं होतं, बहुतेक वेळा खाडी कुठं ओलांडायची ते. बाकीचा दिवस मोकळा. चुकायला वेळ हाताशी ठेवल्याशिवाय या किनाऱ्यावर मोठी गाडी घेऊन येऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मुक्कामाचंही तसंच. राज्यानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आमच्या वाटेवर तशी खास जागा लागली नाही. त्यामुळे कुणाचं अंगण, देवळाचं आवार, शाळेसमोरचं पटांगण, जे मिळेल ते, आणि प्रत्येक ठिकाणी विचारून.

शनिवार, होळी: पुणे ते हरिहरेश्वर

ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. पहिला दिवस सरळ गेला. ताम्हिणीत मोठी गाडी चालवायचा हात बसला एवढंच.

वाटेत अप्पांनी भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. मिनिटांचा हिशोब लागत नाही, पण कोकणात दिवस आखायला एवढं पुरतं. होळी म्हणजे पौर्णिमा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी सगळ्यात खाली.

म्हणून हरिहरेश्वरला पोचल्यावर आधी प्रदक्षिणेला गेलो. देवळामागच्या पायऱ्या दोन कड्यांच्या फटीतून खाली उतरतात आणि समुद्रानं कोरलेल्या खडकांवर येऊन संपतात. भिंतींना जाळीसारखी भोकं पडलेली, कुठं वर्तुळं, कुठं ताटासारख्या खळग्या. इथं भरतीच्या वेळी उतरू नये, लाट पाठीमागून येते आणि पळायला जागा नसते. अप्पा शेवटच्या पायरीवर बसले आणि आम्हाला घड्याळाकडे बघत हाका मारत राहिले.

रात्री वाडीतली होळी पेटली. नारळ पडले, बोंबा झाल्या, नंतर गावातल्या एका आजींनी पुरणपोळी आणून दिली. गाडीत राहणारी माणसं होळीच्या दिवशी काय खातात, याची त्यांना खरोखरीची काळजी वाटली होती.

रविवार: बागमांडला, बाणकोट, वेळास

सावित्रीची खाडी म्हणजे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द. बागमांडल्याहून वेसवीला जंगलजेटी जाते. आठ वाजता पोचलो तेव्हा ओहोटी नुकतीच संपलेली, पाणी खाली, आणि बोटीची फळी धक्क्यावरून चांगलीच उताराला लागलेली. आमच्या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर येतो. पुढची चाकं फळीवर चढली की शेपूट जमिनीला घासणार, हे बोटीवरच्या माणसानं लांबूनच ओळखलं.

"ताई, घाई आहे का?"

"नाही."

"मग पाणी चढू द्या. दोन तासांनी सपाट होईल, आरामात घालू."

ज्या दिवशी घाई नसते त्या दिवशी असं उत्तर देता येतं. त्या दोन तासांत धक्क्याजवळच्या टपरीवर चहा, पोहे, आणि तिथल्या मावशींची बातमी मिळाली: वेळासला कासवाची पिल्लं सुटतायत. आम्ही थेट केळशीला जाणार होतो. वेळास यादीत नव्हतं. मावशी म्हणाल्या, "पलीकडं उतरल्यावर जवळच आहे. एवढ्या लांब येऊन ते न बघता जाणार?"

दहानंतर गाडी अलगद बोटीवर चढली. वेसवीहून बाणकोटच्या किल्ल्यावर थांबलो. जांभ्याचा, छोटेखानी, खाडीचं तोंड नीट नजरेत ठेवणारा. 1755 मध्ये हा इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायला सुरुवात केली. तटावरून मागचा बागमांडला दिसतो आणि सकाळचे दोन तास कुठं गेले तेही.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आज लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 पासून इथं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. आधी अंडी खणून नेली जात, कोल्हे-कुत्री उकरत. आता पहाटे किनाऱ्यावर फिरणारे गावातलेच लोक मादीच्या पायखुणा शोधतात, अंडी काढून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरतात आणि तारीख लिहून ठेवतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी, पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस. वाळू गरम असेल तर माद्या जास्त होतात, थंड असेल तर नर. हे कळल्यावर किनाऱ्यावरच्या प्रत्येक झाडाची सावली मला वेगळी दिसू लागली.

संध्याकाळी दोरीमागं उभे राहिलो. टोपली उचलली, आत काळीभोर पिल्लं एकमेकांवर चढत होती. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना सोडलं. काही थेट निघाली. एक मात्र आडवं चालत राहिलं, दोनदा लाटेनं परत आणून टाकलं, तिसऱ्यांदा गेलं. कुणी हात लावला नाही, टॉर्च लावला नाही, फ्लॅश मारला नाही. गाडी किनाऱ्यापासून लांब, ज्यांच्याकडं जेवलो त्यांच्या अंगणात ठेवली होती. आमच्यासारख्या मोठ्या गाडीवाल्यांनी ही गोष्ट विशेष जपावी. वाळूत चाकं घालण्याचा मोह समुद्रकिनारी फार होतो, आणि घरटी वाळूतच असतात.

सोमवार: आतल्या वाडीतून केळशी, आंजर्ले, हर्णै

सकाळी केळशीकडे निघालो आणि मंडणगड तालुक्याच्या आतल्या रस्त्यांवर फोनची रेंज गेली. नकाशावरची निळी रेघ जिथं थांबली होती तिथंच राहिली. पुढं दोन फाटे, एकावरही पाटी नाही. रुंद दिसला तो धरला. पहिला अर्धा किलोमीटर रुंद राहिला, मग दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आले, मग गडग्यांवर काजूच्या फांद्या, आणि मग एका वळणावर विजेची तार छताच्या हातभर वर. नवरा खाली उतरून मागं चालत होता. पुढं एक साकव लागला, त्याच्या पलीकडं रस्ता संपून पायऱ्यांची पाखाडी चढत होती.

पाखाडीवरून एक काका लाकडाची मोळी घेऊन उतरत होते. त्यांनी मोळी टेकवली आणि गाडीकडं पाहिलं.

"कुठं निघालात?"

"केळशीला."

"हा आमच्या वाडीचा रस्ता. एसटी यायची जागा मागं राहिली, वडाजवळ. जिथवर एसटी येते तिथवर तुमची गाडी येणार. त्याच्या पुढं नाही."

मला हे वाक्य सगळ्या प्रवासात सोन्यासारखं उपयोगी पडलं. आम्ही तोवर "हा रस्ता अमुक गावाला जातो का?" असं विचारत होतो आणि उत्तर नेहमी "जातो" असंच येत होतं, कारण दुचाकी जाते, रिक्षा जाते, माणूस तर जातोच. एसटीची लाल गाडी उंचीला आमच्यापेक्षा मोठी, लांबीला तर कितीतरी मोठी. ती जात असेल तर तारा वर आहेत, वळण पुरेसं आहे, पूल वजन घेतो, आणि शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला जागाही आहे. त्या दिवसानंतर आम्ही एकच प्रश्न विचारला: "एसटी जाते का?"

तेव्हा मात्र मागं यायचं होतं. काकांनी मोळी गडग्यावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही तार बघा, मी चाकं बघतो." वडापर्यंत आम्ही उलटे आलो, इंचाइंचानं. तिथून ते आम्हाला घरी घेऊन गेले. कोकम सरबत झालं. मग आगर दाखवलं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ इथून गेलं तेव्हा पोफळी, माड, आंबे, सगळं एका दुपारी आडवं झालं. पोफळ लावल्यावर उत्पन्नाला यायला पाच-सहा वर्षं, माडाला त्याहून जास्त. त्यांनी आधी केळी लावली, केळीच्या सावलीत पोफळी. यंदा काही पोफळींना पहिले घड दिसत होते. काकू त्या प्रत्येक झाडाला हात लावत पुढं जात होत्या. अप्पा खूप वेळ त्यांच्याशी खताबद्दल बोलत राहिले आणि आम्ही निघायची घाई केली नाही.

केळशीला दुपार झाली. महालक्ष्मीचं देऊळ, मग किनाऱ्याच्या टोकाची वाळूची टेकडी. तिथून आडे, पाडले आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. उजव्या सोंडेची मूर्ती आणि आवारातून खाली पसरलेला सगळा किनारा. चढ तीव्र आहे, पण वर पोचलो तेव्हा आवारात एक एसटी उभी होती, म्हणून निश्चिंत.

संध्याकाळी हर्णै. सुवर्णदुर्ग समोर, आणि वाळूत माशांचा लिलाव. होड्यांतून टोपल्या येतात, ढीग पडतो, बोली सुरू होते आणि एका दमात संपते. नवऱ्यानं एका कोळीणबाईंकडून सौंदाळे घेतले. साफ करून देताना त्या गाडीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "गॅस बारीक ठेवा, नाहीतर आठ दिवस वास जायचा नाही." आम्ही शेगडी बाहेर काढूनच तळले.

मंगळवार: पन्हाळेकाजी, दाभोळ

दापोलीहून दाभोळ, एवढंच ठरलेलं. दापोलीच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या वळवल्या होत्या. वळणावर बाणाची पाटी होती, पुढच्या फाट्यावर नव्हती. एका दूधवाल्यानं सांगितलं, "एसटी जाते, बिनधास्त जावा." गेलो. रस्ता उतरत उतरत कोटजाई नदीच्या खोऱ्यात शिरला आणि समोर पाटी आली: पन्हाळेकाजी लेणी.

या लेण्यांबद्दल अप्पांनी वाचलं होतं, पाहिली नव्हती. एका रांगेत 29 लेणी, नदीच्या कडेनं. सुरुवात हीनयान बौद्धांची, नंतर वज्रयान, नंतर शिलाहारांच्या काळात शैव आणि गाणपत्य, शेवटी नाथपंथ. म्हणजे एकाच कातळात हजारभर वर्षं माणसं येऊन आपापला देव कोरत राहिली. इथं 1139 सालचा शिलाहारांचा ताम्रपट सापडला आणि त्यानंतर या जागेकडं अभ्यासकांचं नीट लक्ष गेलं. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. खाली नदी, वर वटवाघळांची चिवचिव. अप्पा एकेका लेण्यात काठी टेकत गेले, नाथसिद्धांच्या शिल्पांसमोर बसले, आणि एक लेणं राहिलं म्हणून पुन्हा परत गेले. दुपारचं जेवण तिथंच झाडाखाली, डाळ-तांदळाची खिचडी.

कोकणात येणाऱ्यांनी समुद्राकडं पाठ फिरवून एक दिवस असा आत घालवावा. किनारा गजबजलेला असतो तेव्हाही ही खोरी रिकामी असतात.

संध्याकाळी दाभोळ. धक्क्याजवळच आदिलशाहीतली मशीद आहे, घुमट आणि मिनार अजून डौलदार. या बंदरातून एकेकाळी पश्चिमेकडं गलबतं जायची. वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि गुहागरच्या अलीकडे एका शाळेसमोर, गुरुजींना विचारून, गाडी लावली.

बुधवार, संकष्टी: गुहागर, हेदवी आणि पालखी

आजचं पक्कं काम म्हणजे तवसाळची शेवटची बोट पकडून जयगडला उतरायचं. ते झालं नाही, आणि या प्रवासातली सगळ्यात मोठी रात्र त्यामुळे मिळाली.

सकाळ गुहागरला. व्याडेश्वर, मग पोफळीच्या बागांमधून किनारा. दुपारी हेदवी. संकष्टी असल्यानं दशभुज गणेशाला गर्दी, गाडी बरीच खाली लावून अप्पांना रिक्षानं वर नेलं. चतुर्थी म्हणजे भरती तीनला. म्हणून तीनच्या आधी बामणघळीवर पोचलो. कातळाला एक अरुंद, खोल चीर आहे. भरतीचं पाणी त्या चिरेत घुसतं, आतल्या टोकाला आदळतं आणि वर उसळतं. आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना. काठावर जाऊ नये, खडक ओला आणि गुळगुळीत असतो. आम्ही लांबून पाहिलं, तरी चष्मे खारट झाले.

तवसाळच्या वाटेवर ढोल ऐकू आले. वळणापलीकडं रस्ता भरून माणसं, आणि मधोमध पालखी. शिमग्यात इथले ग्रामदेव देवळातून बाहेर पडतात. काही गावांचे तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीचे, काहींचे भद्रेचे, म्हणजे पौर्णिमेचे, आणि नंतर कितीतरी दिवस पालखी वाडीवाडीतून, घराघरांतून फिरते. वर्षभर माणसं देवाकडं जातात, या दिवसांत देव माणसांकडं येतो. मुंबईला कामाला असलेला मुलगा गणपतीला आला नाही तरी शिमग्याला येतोच.

एक तरुण गाडीजवळ आला. "काका, थोडा वेळ जाईल. पालखी वरच्या घरी चढते आहे."

"बोट मिळेल ना आम्हाला?" अप्पांनी विचारलं.

तो हसला. "बोट उद्या पण आहे. पालखी आज आहे. उतरा की!"

उतरलो. गाडी कडेला घेतली, आणि त्या दोन-तीन तासांत काय काय पाहिलं! चार जणांनी पालखी खांद्यावर घेऊन नाचवली. ती एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते, वाकते, फिरते, डोक्यावर जाते, पण देव हलत नाहीत. ढोलाचा ठेका वाढला की नाचणाऱ्यांचे पाय मातीत रुततात. मग पालखी एका घराच्या अंगणात बसली, घरच्या बाईनं ओटी भरली, म्हाताऱ्या गावकारानं गाऱ्हाणं घातलं, आणि प्रत्येक वाक्यामागं सगळी वाडी एका आवाजात "होय महाराजा!" म्हणाली. त्या गाऱ्हाण्यात त्यांनी घरच्या लेकरांसाठी मागितलं, गुरांसाठी मागितलं, मुंबईतल्या पोरांसाठी मागितलं, आणि शेवटी "वाटेनं आलेल्या पाहुण्यांची गाडी सुखरूप घरी पोचू दे" असंही म्हणाले. मी रडले. मला ते लपवायचंही नाही.

बोट अर्थातच गेली. देवळासमोर मुक्कामाची एसटी रात्री उभी राहते, तिच्या शेजारी जागा दाखवली. चालक आणि वाहक रात्री तिथंच झोपतात आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन जातात. त्यांच्याशी गप्पा मारताना पुढच्या घाट्यांची, अरुंद पुलांची, बाजारच्या दिवसांची जी माहिती मिळाली ती कुठल्याच नकाशात नाही. वाहकदादांनी एका कागदावर पुढचे थांबे लिहून दिले. गाव लागलं नाही तर थांब्याचं नाव विचारा, म्हणाले. लोक वाडीचं नाव सांगतात, नकाशावर महसुली गावाचं असतं, आणि थांब्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं.

गुरुवार, रंगपंचमी: जयगड ते कशेळी

सकाळच्या बोटीनं शास्त्री ओलांडली. जयगडचा किल्ला बाहेरूनच. मालगुंडला केशवसुतांचं घर पाहिलं, 1866 चा त्यांचा जन्म, अवघं एकोणचाळीस वर्षांचं आयुष्य, आणि मराठी कविता बदलून गेलेली. गणपतीपुळ्यात गर्दी, थांबलो नाही. रत्नागिरीत रंग खेळणाऱ्या पोरांनी गाडीची एक बाजू हिरवी केली. टाकी भरली, गॅस घेतला, वापरलेलं पाणी आणि टॉयलेटची टाकी एका पेट्रोल पंपाच्या शौचालयात विचारून रिकामी केली. कॅम्परमधलं हे सगळ्यात नावडतं काम, पण ते ओढ्यात किंवा खाडीत करणाऱ्याला कोकणात येण्याचा हक्क नाही.

पावस, पूर्णगड, मुचकुंदीवरचा पूल, आणि तिन्हीसांजेला कशेळी. कनकादित्याचं देऊळ सूर्याचं, कौलारू, शांत. देवळाची कथा गुरुजींनी सांगितली. सौराष्ट्राकडून सूर्याची मूर्ती घेऊन दक्षिणेकडं निघालेलं गलबत कशेळीजवळ अडलं, काही केल्या पुढं जाईना. नावाड्यानं मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि गलबत सुटलं. गावातल्या कनकेला स्वप्न पडलं, मूर्ती वर आणली, तिच्या नावावरून कनकादित्य. ती गुहा म्हणजे देवघळी. अप्पा म्हणाले, "देवसुद्धा इथं वाट वाकडी करूनच आले."

शुक्रवार: सड्यावर

राजापूर तालुक्यातले सडे म्हणजे जांभ्याची उघडी पठारं. पावसाळ्यात फुलांनी भरतात, मार्चमध्ये काळीकरडी आणि तापलेली. कशेळीतून निघून आम्ही आतल्या रस्त्यानं जैतापूरकडं जात होतो. सड्यावर डांबर संपलं आणि मातीच्या चाकोऱ्या सुरू झाल्या, त्यांना फाटे, फाट्यांना फाटे. सगळ्या सारख्याच रुंद. त्या चिरेखाणींच्या ट्रकांच्या होत्या, प्रत्येक चाकोरी एका खाणीत जाऊन संपत होती. झाड नाही, घर नाही, लाल धूळ. इथं एसटी जाते का, हे विचारायलाही माणूस नव्हता. आम्ही गाडी जिथल्या तिथं थांबवली. अनोळखी सड्यावर अंदाजानं चाकं घालू नयेत, का ते पुढं कळलं.

दुचाकीवरून एक खाणकामगार आला, तो आम्हाला डांबरापर्यंत सोडायला तयार झाला. वाटेत त्यानं हात करून थांबवलं. "कातळशिल्प बघितलं? हे बघा."

दहा पावलांवर, पायाखालीच, कातळात कोरलेली आकृती. मासे, पाय जुळवून उभा माणूस, चौकटी, आणि एक प्राणी, ज्याचं नाव आम्हा तिघांनाही सांगता आलं नाही. ऊन तिरकं होतं म्हणून रेषा दिसत होत्या, दुपारी आलो असतो तर वरून चालत गेलो असतो. नाहीतर गाडी नेली असती. ही हजारो वर्षांपूर्वीची कोरीव चित्रं रत्नागिरी-सिंधुदुर्गात अनेक सड्यांवर आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून, गुराख्यांना विचारून ती शोधली. 2022 मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरूण, कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ ही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या पोटात लहान लहान प्राणी कोरलेले आहेत. आम्ही तो सकाळी न बघताच निघालो होतो. गाडी वळवली आणि परत कशेळीला गेलो. वाडीतला एक मुलगा सोबत आला. हत्तीच्या कडेनं चालत पूर्ण फेरी घातली, तरी तो एका नजरेत मावला नाही.

चिरेखाण एक पट्टा कापते तेव्हा कातळशिल्प असेल तर तेही जातं. ज्या माणसानं आम्हाला ते दाखवलं तो स्वतः खाणीत कामाला होता. त्यानंच दगड रचून कडं केलं होतं, ट्रक जाऊ नयेत म्हणून.

विजयदुर्ग वाघोटणच्या मुखाशी. पलीकडून दिसतो, पण गाडीला नदीच्या वरच्या अंगाला जाऊन पूल गाठावा लागतो. पोचेस्तोवर अंधार.

शनिवार: देवगड, कुणकेश्वर, आचरा

गिर्ये, देवगड, कुणकेश्वर. देवगडला हापूसच्या पहिल्या पेट्या भरत होत्या. आचऱ्यात रामेश्वराच्या देवळाजवळ पाण्यासाठी थांबलो. विहिरीचे मालक गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"खंयसून इलात?"

"पुण्याहून."

"आणि रात्री ह्याच गाडयेत रवतात? बरां आसा. आमी पण घर सोडून भायर रवतो. गावपळण."

मग त्यांनी सांगितलं. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची परवानगी घेतली की अख्खं आचरा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातं. "गुरांढोरां, कोंबडी, कुत्रे, सगळी वांगडा. गावात दिवो लागणा नाय." माळावर, नदीकाठी झापांच्या राहुट्या उभ्या राहतात, तिथंच चुली, तिथंच भजनं, फुगड्या. जातीपातीचे आणि बांधाचे वाद त्या तीन दिवसांत कुणी काढत नाही. गाव रिकामं, विहिरी शांत, झाडांना उसंत. परत येताना पुन्हा कौल.

अप्पा ऐकत राहिले आणि पुढच्या गावपळणीला यायचं त्यांनी तिथंच नक्की केलं. मालकांनी पाण्याचे पैसे घेतले नाहीत, शहाळी मात्र विकत दिली. परतीची वाट विचारली तर म्हणाले, "फोंडा घाटान जावा. भुईबावड्यातसून ही गाडी नको." मालवणला रात्र काढली.

रविवारी फोंडा घाट चढून राधानगरीत आलो तेव्हा गाडी परत देण्याची वेळ जवळ येत होती आणि पुणे अजून लांब होतं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाकडचा फाटा दिसला. अप्पांनी आमच्याकडं पाहिलं. एका रिक्षावाल्याला विचारून वळलो, भिंत बघितली, जेवलो, आणि पुण्यात पोचल्यावर उशिराचे जे पैसे झाले ते भरले.